नाक नीट केलेला देव

शिवराम कधी कुठल्या मूर्तीपुढं वाकला नाही. खंडेनवमीला अख्खी फाउंड्री यंत्रांना झेंडूच्या माळा घालून हात जोडायची, हा कोपऱ्यात उभा. पेढे मात्र दोन घ्यायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "हातानं केलं त्याला हात जोडायचे न्हाईत, राव. देव एकच. त्याला साचा न्हाई."

चाकणच्या त्या फाउंड्रीत आम्ही दोघं जन्मभर कामाला, आणि दापोडीत भिंतीला भिंत लागून घरं. साचे तो करायचा, पॉलिश मी. माझ्या पॉलिशला कुणी नाव ठेवलं नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

गल्लीतल्या देवळाची पितळी मूर्ती आम्हीच केली. ओतताना नाकाला भोक राहिलं. शिवरामनं देवाला व्हाइसमध्ये आवळलं, पितळ भरलं, कानस मारली. पुढं लोक त्याच नाकाकडं बघून नवस बोलायला लागले. मीसुद्धा. शिवराम म्हणायचा, "ज्याचं नाक मी नीट केलं, त्याच्याकडं मी काय मागू? काय लागलं तर त्यानं मागावं."

मग त्याच्या बायकोचं, हौसावहिनींचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "आता तरी देवळात जाऊन हात जोडा. माझ्यासाठी."

खोटे हात जोडणं त्याला जमत नव्हतं, आणि वहिनींना नाही म्हणणंही.

त्या दुपारी मी देवळात समईला तेल घालत होतो. शिवराम आला. मी खांबाआड, त्याला दिसलो नाही. मूर्तीपुढं उभा राहिला, हात अर्धे वर गेले. नजर नाकावर. मी म्हटलं, आज वाकला गडी. तर हा मूर्तीकडं पाठ करून, रंग उडालेल्या रिकाम्या भिंतीकडं वळला. तिथं हात जोडले.

"तू एकलाच हायस," हळू म्हणाला. "तुला एकलं ऱ्हायची सवय हाय. मला न्हाई."

वहिनी घरी आल्या. त्यांनी मूर्तीला नारळ कबूल केला होता. तो शिवरामनंच फोडून दिला. गल्लीनं सगळं श्रेय पितळेला दिलं. मी कुणाला काही सांगितलं नाही.

फक्त तेव्हापासून मी देवळात हात जोडतो ते डोळे मिटून.