सेतुमाधवरावांचा भुंगा

सेतुमाधवराव रोज सकाळी साडेसहा वाजता एका तारेला पाणी घालत.

झाडाला नव्हे, तारेला. अण्णा नगरमधल्या त्यांच्या घराच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीलगत विटांनी बांधलेला एक हातभर रुंदीचा चौकोनी खड्डा होता. त्यातून एक लोखंडी नळी वर आलेली, आणि नळीला आवळलेली जाड तांब्याची तार खिडकीतून थेट दिवाणखान्यात शिरलेली. राव पांढरी वेष्टी सावरत पितळी तांब्याने त्या नळीत हळूहळू पाणी सोडत. अमावास्येला वर मूठभर खडेमीठ. समोरच्या सरोजा मामींना वाटे, हे कुठल्या तरी तंजावरी देवाचं ठाणं असावं. त्यांनी एकदा तिथे छोटंसं कोलम, म्हणजे रांगोळी, काढून जास्वंदीचं फूल ठेवलं. रावांनी ते फूल उचलून कानामागे खोचलं आणि मामींना वीस मिनिटं अर्थिंग समजावून सांगितलं, म्हणजे चुकार वीज जमिनीत उतरवायची युक्ती. मामींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना खड्ड्याला नमस्कार केला.

मी साताऱ्याचा. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, विजेच्या खात्यात नोकरी लागली आणि मी चेन्नईत आलो. मोबाइल फोन नुकते कुठे सगळ्यांच्या खिशात दिसायला लागले होते. वरचा पोर्शन भाड्याने द्यायचा आहे आणि मालक मराठी आहेत असं कळल्यावर मी धावत गेलो. इतर मालक विचारत, लग्न झालंय का, मांसाहार करता का. रावांनी विचारलं, "दाढी कशानं करतास?"

"ब्लेडनं," मी म्हणालो.

"बरं. मिक्सी आहे? कंप्यूटर? ट्यूबलाइटीस चोक कसला, जुना की नवा?"

मी म्हणालो की माझ्याकडे एक सतरंजी आणि एक इस्त्री आहे. त्यांनी इस्त्रीवर बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. "इस्त्री सोमवारीं कर. रविवारीं नक्को." एवढ्यावर मला घर मिळालं. त्या दिवसापासून ते मला तंबी म्हणू लागले, म्हणजे धाकटा भाऊ, आणि मी त्यांना काका.

काकांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकताना मला आपण एखादं जुनं मोडी पत्र ऐकतोय असं वाटे, फक्त वाचणाऱ्याचे हेल तमिळ. त्यांना मात्र माझंच मराठी बिघडलेलं वाटे. "तुमी पुण्या-साताऱ्याचे लोक अस्क इंग्रजी बोलतां," ते म्हणत (अस्क म्हणजे सगळं), आणि पुढच्याच वाक्यात अँप, हम, वायर, प्लग यांची रांग लावत. काही विचारलं की त्यांची दोन उत्तरं ठरलेली. कारण सांगायचं नसेल तर "सुम्मा", म्हणजे उगीच, सहज. आणि कारण शोधायचं असेल तर "पोरुमै", म्हणजे धीर धर.

धीर कशासाठी, तर भुंग्यासाठी.

दिवाणखान्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलेला एक अँप्लिफायर होता, सागवानी पेटीतला. दोन बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. मध्ये रेकॉर्ड प्लेअर. आणि हे सगळं चालू केलं की कुठूनतरी एक बारीक घूंऽऽ सुरू होई. कान दिला नाही तर कळूही नये इतका. काका त्याला भुंगा म्हणत. रेकॉर्डवर सुई टेकवली की व्हायोलिन सुरू व्हायच्या आधी चार-पाच सेकंद रिकामे असतात ना, काका तेवढेच ऐकत. मान तिरकी, डोळे मिटलेले. मग सुई उचलत आणि म्हणत, "आहे." पहिल्या तीन महिन्यांत मी त्या घरात एकही रेकॉर्ड पुरती ऐकली नाही. चेन्नईत राहून कर्नाटक संगीताबद्दल माझं ज्ञान शून्य राहिलं याला तेच जबाबदार आहेत.

रविवारी दहा वाजता भुंग्याची शिकार. आल्यागेल्यांचे मोबाइल दारातच तांदळाच्या डब्यात जमा होत, कारण फोन वाजायच्या आधी स्पीकर टिर्र-टिर्र करतो. मग "अस्क बंद!" अशी आरोळी. फ्रिज बंद, पंखे बंद, दिवे बंद. ऐन मे महिन्यात आम्ही दोघं घामाने निथळत, अंधाऱ्या दिवाणखान्यात स्पीकरला कान लावून बसत असू. एकेक वस्तू परत चालू करायची आणि वहीत लिहायचं. एकदा समोर मिक्सरचा आवाज आला तर काका तसेच रस्ता ओलांडून गेले आणि मामींना म्हणाले, "दहा मिनिटं चटणी थांबवा." मामींनी थांबवली. देवाचं काम समजून थांबवली असणार.

मी एकदा विचारलं, "काका, एवढ्याशा आवाजासाठी एवढा जीव का काढता?"

"सुम्मा," ते म्हणाले. पण त्या दिवशी वीज गेली होती, शिकार थांबली होती, आणि कॉफीचा दुसरा टंबलर पोटात गेल्यावर ते आपणहून बोलले.

एन्नोरकडच्या वीजकेंद्रात मीटरच्या खात्यात ते तीस वर्षं होते. लग्न केलं नाही. शेजारच्या टेबलावर वरदन नावाचे गृहस्थ होते. दोघे एका दिवशी लागले, एका महिन्यात निवृत्त झाले. हा अँप दोघांनी मिळून जोडला, बाहेरचा खड्डा दोघांनी मिळून खणला, कोळसा-मीठ घालून. निवृत्तीनंतर दर रविवारी वरदन अंबत्तूरहून बसने येत आणि संध्याकाळपर्यंत दोघे भुंगा शोधत. एके रविवारी काकांचा पुतण्या तंजावरहून आलेला असताना वरदन त्याच्यासमोर म्हणाले, "तुझ्या काकाचं सोल्डरिंग कच्चं आहे, म्हणून हा आवाज."

"माझं सोल्डरिंग!" काका ओरडले. "तीस वर्षांत एक जोड सुटला नाहीं! मी सांगिटलों, दोष बाहेरचा आहे. तें सिद्ध होईपर्यंत येऊं नको."

"मग?"

"दीड वर्ष झालं. येईना." त्यांनी टंबलर खाली ठेवला. "भुंगा बाहेरचा निघूं दे, तंबी. त्याच दिवशीं त्याला फोन करतों."

एवढं सगळं त्या घूंऽऽवर अडलेलं होतं हे मला तेव्हा कळलं, आणि मीही हट्टाला पेटलो.

उत्तर मिळालं ते कारखान्यात. एका यंत्राचा मोजमापाचा काटा उगीच नाचत होता. आमच्या जुन्या वायरमनने यंत्राच्या मागे हात घालून एक तार सोडवली आणि काटा गप्प बसला. त्या यंत्राला दोन ठिकाणी अर्थिंग दिलेलं होतं. मोठ्या यंत्राला दोन अर्थिंग द्यायची हा नियमच आहे, पण ती दोन्ही जमिनीखाली एकमेकांना जोडलेली हवीत. नाहीतर दोन जागच्या जमिनींमध्ये जो थोडा फरक असतो, तो यंत्रातून वाहत राहतो. मी तिथेच कपाळावर हात मारला.

काकांच्या अँपला एक अर्थिंग भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमधून होतं. दुसरं त्या खड्ड्यातून. दोन वीजकेंद्रवाल्यांनी वीजकेंद्राचा नियम घरी आणला होता आणि तीस किलोच्या लाडक्या अँपला मोठ्या यंत्राचा मान दिला होता. त्यात रोज सकाळी पाणी, अमावास्येला मीठ. खड्डा जितका ओला, तितकी वाट मोकळी. काका इतकी वर्षं स्वतःच्या हाताने भुंग्याला खायला घालत होते.

रविवारी मी म्हणालो, "काका, खड्ड्याची तार एक मिनिट काढू या. प्लगचं अर्थिंग आहेच, धोका काही नाही."

"अर्थिंग काढूं?" ते असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या आईला वृद्धाश्रमात ठेवायला सांगितलं होतं. "काय म्हणून?"

"पोरुमै," मी म्हणालो. इतक्या दिवसांचा सूड होता तो.

मी नट सैल केला, तार सोडवली. काकांनी सुई टेकवली. चार सेकंद गेले. पाच. काहीच नाही. मग व्हायोलिन सुरू झालं आणि पहिल्यांदाच सुई उचलली गेली नाही. रेकॉर्डची एक बाजू पूर्ण झाली. काका डोळे पुसत होते आणि घाम आहे असं सांगत होते. मग ते उठले, टेलिफोनजवळ गेले आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

पुढच्या रविवारी वरदन आले. उंच, वाळकी मूर्ती, कपाळावर नाम, हातात कापड दुकानाची पिवळी पिशवी. पिशवीतून सोल्डरिंगची वायर डोकावत होती. काकांनी ऐटीत सांगितलं, "बाहेरचाच होता. अर्थिंग दोन झालेलं." वरदन म्हणाले, "हं." मांडीवर पिशवी धरून त्यांनी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकल्या. स्वच्छ आवाज. "नल्ला इरुक्कु," म्हणाले, म्हणजे छान आहे. मग गुडघ्यांची चौकशी झाली. साखरेची झाली. मग दोघेही पंख्याकडे बघत बसले. साडेअकराला वरदन उठले आणि बस मिळायला हवी म्हणाले. पिशवी उघडलीच नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी फोनही आला नाही.

काका रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "भुंगा नाहीं," मला सांगत. पण ते असं सांगत की मला वाईट वाटे. तारेला पाणी घालणं बंद झालं होतं. तांब्या खिडकीत पालथा पडून होता. सरोजा मामींनी मला जिन्यात गाठून विचारलं, देवाचं काही चुकलं का? मी जो शहाणपणा केला होता त्याचं आता मलाच ओझं वाटायला लागलं होतं.

मग एका रविवारी दाढी करताना पायाखालच्या फरशीतून ओळखीचा आवाज आला. घूंऽऽ. आणि तोही पहिल्यापेक्षा चढा.

मी तोंडाला साबण तसाच ठेवून खाली धावलो. दिवाणखान्यात अँप उताणा पडला होता. शेजारी नुसत्या बनियनवर बसलेले वरदन, हातात तापलेली सोल्डरिंगची सळई, खोलीभर राळेचा धूर. "डेय राव! शंभरदा सांगितलं, हा जोड कच्चा आहे!" ते तमिळमध्ये ओरडत होते. "कच्चा काय म्हणून?" काका मराठीत ओरडत होते. "दोष बाहेरचा! अस्क बंद करून पाहूं!" तीस वर्षं शेजारी बसून दोघं याच दोन भाषांत भांडत आले असणार.

मी सरळ बाहेर गेलो. खड्डा ओला होता. तार नळीला परत जोडलेली होती, टोकाला नवी कोरी तांब्याची टोपी चढवून, नट घट्ट पिळून. वरती मीठसुद्धा होतं, आणि अमावास्या नव्हती.

मी आत आलो, तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. सातारच्या शाळेत कॉपी पकडल्यावर मीही मास्तरांकडे असंच पाहिलं होतं. "तंबी," ते हलकेच म्हणाले, "कॉफी घे." मी कॉफी घेतली आणि मूग गिळून बसलो. तशी चांगली कॉफी मी त्या घरात आधी कधी प्यायलो नव्हतो. दुपारी दोघांनी दहीभात खाल्ला, ताटावर बसूनही कोणता जोड कच्चा यावरून त्यांचं जुंपलेलंच होतं.

चारच्या सुमाराला वरदन निघाले. काका आत अँपशी बोलत होते. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो. वर्षभरात माझी तमिळ कामापुरती झाली होती आणि आज यांना खरं सांगूनच टाकावं की काय, असं माझ्या मनात चाललं होतं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला अंबत्तूरहून फुकट हेलपाटे कशाला?

वरदन चपला घालून भिंतीलगत गेले आणि खड्ड्यापाशी थांबले. मागे वळून दाराकडे पाहिलं. वाकून दोन बोटांनी नट चाचपला, थोडा आवळला. मग पिवळ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि उरलेलं सगळं पाणी हळूहळू नळीत सोडलं.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बाटलीत थेंबभर राहिला होता. तोही त्यांनी झटकला.

"ऊन फार आहे," ते मला म्हणाले. "सुकतं."

तेवढ्यात आतून सेतुमाधवरावांची आरोळी आली. इतक्या आनंदाने ओरडताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"वरदा! जाऊं नको! भुंगा वाढला!"

वरदन यांनी पुरेसं मोठ्याने कुरकुरत चपला परत काढल्या.