लॉगआउट न केलेले टिकेकर

गेल्या मंगळवारी अरविंद टिकेकर लॉगआउट न करता खुर्चीवरून उठले, आणि त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांनी टिकेकरांचं आयुष्य तिथून पुढे चालू ठेवलं.

मी पिंपळशेत नगरपालिकेच्या ओळख कक्षात तक्रारी घेतो. अशी प्रकरणं महिन्याला दोन तरी येतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, रागच आला. आमच्या संकेतस्थळात शिरलं की प्रत्येकाला एक न दिसणारा बिल्ला मिळतो. त्यानंतर संकेतस्थळ चेहरा बघत नाही, बिल्ला बघतं. संकेतस्थळाने ज्याला ओळखलं त्याला गावानेही ओळखायचं, असा रीतसर ठराव झालेला आहे. म्हणून उठताना बाहेर पडण्याचं बटण दाबा, असं आम्ही सुविधा केंद्राच्या भिंतीवर ढब्बू अक्षरांत लिहून ठेवलं आहे. ते वाचतो कोण?

टिकेकर तिथे लग्नाच्या मांडवाची परवानगी काढायला आले होते. अर्ज अर्ध्यावर असताना त्यांना चहाची तलफ आली. एसटीत टाकतात तसा त्यांनी खुर्चीवर रुमाल टाकला, आणि जागा धरली या समाधानात ते टपरीवर गेले.

तेवढ्यात सूर्यकांत म्हेत्रे आले. त्यांना घरामागच्या शेवग्याची वाळकी फांदी तोडायची परवानगी हवी होती. पडद्यावर ‘नमस्कार, अरविंद टिकेकर’ असं दिसलं. म्हेत्रे स्वभावाने भिडस्त. त्यांनी उलट नमस्कार केला, मांडवाचा अर्ज पुरा केला, रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि ते टिकेकरांच्या घरी जेवायला गेले.

खरे टिकेकर घरी पोचले तेव्हा त्यांच्या पत्नी नीलाताईंनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून पाणी दिलं आणि कोण हवंय ते विचारलं. टिकेकरांनी स्वतःचं नाव सांगितलं.

“ते जेवताहेत,” नीलाताई म्हणाल्या. “बसा जरा, हात धुवून येतील.”

टिकेकर तडक माझ्याकडे आले. रविवारी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, केतकीचं, लग्न होतं. घर, वर्तमानपत्र आणि पंख्याखालची जागा सावकाश मिळाली तरी चालेल, पण कन्यादान मीच करणार, असं ते टेबलाची कड घट्ट धरून म्हणाले. मला फार वाईट वाटलं. पण नियम तो नियम. पंधरा मिनिटं काहीच हालचाल झाली नाही तर बिल्ला आपोआप रद्द होतो. म्हेत्रे तेवढा वेळ स्वस्थ बसले, की प्रश्न मिटला.

म्हेत्रे काही बसेनात. त्यांनी आचाऱ्याला यादी दिली, मांडवाचे खांब रोवून घेतले, नीलाताईंच्या मावशीला स्टँडवरून आणलं आणि गच्चीतली गळकी टाकीसुद्धा दुरुस्त केली. घर त्यांच्यावर बेहद्द खूश होतं. टिकेकर समोरच्या कट्ट्यावर घड्याळ घेऊन बसत. रात्री झोपेतही म्हेत्रे सारखी कूस बदलत. सगळ्यांत लांब विश्रांती अकरा मिनिटांची भरली. बाराव्या मिनिटाला म्हेत्रे मटार सोलायला लागले. टिकेकरांचा स्वतःचा बिल्ला पूर्वी दिवसातून चार वेळा रद्द होत असे, हे मी नोंदींत पाहिलं होतं, पण ही वेळ ते सांगण्याची नव्हती.

दुसरा मार्ग पासवर्डचा. तो टिकेकरांना ठाऊक नव्हता. रोज नीलाताईच घालून देत. शनिवारी मी पासवर्ड विसरल्याचा अर्ज उघडला, आणि संकेतस्थळाने खात्री करून घ्यायला विचारलं, तुमच्या मुलीने उच्चारलेला पहिला शब्द कोणता?

“फणस,” टिकेकर क्षणात म्हणाले आणि त्यांनी डोळे टिपले. “ना आई, ना बाबा. फणस म्हणाली.”

उत्तर बरोबर आलं. त्यांना नवा बिल्ला मिळाला. मात्र नवा दिला तरी जुना रद्द होत नाही, ही आमच्या संकेतस्थळातली त्रुटी मी तीनदा लेखी कळवली आहे. आता गावात टिकेकर दोन झाले. त्यावर उपाय एकच, ‘सगळीकडून बाहेर काढा’ हे बटण. ते दाबलं की हातातला सोडून बाकीचे सगळे बिल्ले जातात. मी कार्यालयाचा मोबाइल घेतला आणि टिकेकरांबरोबर निघालो.

म्हेत्रे स्टुलावर चढून तोरण बांधत होते. नीलाताईंनी “अहो” अशी हाक मारली आणि दोघांनी ओ दिली. टिकेकरांच्या हातातला मोबाइल पाहून म्हेत्रे काय ते समजले.

“दाबा,” ते म्हणाले. “तुमचंच आहे सगळं. फक्त एवढं तोरण बांधून होऊ द्या. माझ्या घरी, साहेब, चार दिवसांत मला कुणी शोधत आलं नाही. चौकशी करून बघा.”

मी केली होती. कुणी आलं नव्हतं.

मेंदीचे हात पुढे धरून केतकी बाहेर आली. तिने दोघांकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “दाबायचं तर आत्ता दाबा. उद्या विधींच्या मध्ये नको.”

टिकेकरांचं बोट बटणावर होतं. त्यांनी अर्धवट बांधलेल्या तोरणाकडे पाहिलं. मग त्यांनी मोबाइल मला परत दिला. उन्हात पडदा नीट दिसत नाही, म्हणाले.

रविवारी गुरुजींनी मुलीच्या वडिलांना बोलावलं. दोघे आले. गुरुजींनी गोत्र विचारलं, दोघांनी एकच सांगितलं, तेव्हा त्यांनी सरकून जागा केली. खाली म्हेत्र्यांची ओंजळ, तिच्यावर टिकेकरांची आणि तिच्यावर केतकीचा हात. टिकेकर आधी रडले, म्हेत्रे मागाहून.

मुलाकडच्यांनी एकच हरकत घेतली. व्याहीभेटीसाठी त्यांनी हार एकच आणला होता. म्हेत्रे लगेच चपला शोधायला लागले. टिकेकरांनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

“बसा तुम्ही,” ते म्हणाले. “फक्त मधूनमधून पाय हलवत राहा.”

आणि ते स्वतः हार आणायला बाजारात गेले.