वीजबाला आणि तिचे उरलेले लांडगे

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा तोंडाला पावडर लावल्याशिवाय डरकाळी फोडत नसत, झिपरी नावाची मुंगसाची पोर राहत होती. बाळांनो, मारामारीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरच्याला कळायच्या आत त्याचं शेपूट त्याच्याच गळ्यात!

तिथे तरसेशेठ नावाचा तरस सिनेमे काढायचा. त्याने झिपरीला हेरलं आणि तिचं नाव ठेवलं वीजबाला. पहिल्याच सिनेमात तिने अठरा लांडगे लोळवले. खरेखुरे. तिच्या दोन बरगड्या गेल्या, पण जंगल वेडं झालं.

मग शेठ म्हणाला, "बाई, पुढच्या सिनेमात हिरो घेऊ. मयूरकुमार."

"मारामारी येते त्याला?"

"पिसारा फुलवता येतो. सतरा लांडगे तू मार. अठरावा त्याला ठेव."

तिसऱ्या सिनेमात तिच्या वाट्याला तीनच लांडगे उरले. पाचव्यात एकही नाही. तिला झाडाला बांधायचे आणि तिने किंचाळायचं. आठव्यात ती मयूरकुमारची आई झाली. मयूरकुमार तिच्यापेक्षा चार पावसाळे मोठा होता.

एकदा शूटिंग बघायला सिंहमहाराज आले आणि नेमका तेव्हाच सेटवर खरा नाग निघाला. मोर साप खातो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मयूरकुमारने पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला. महाराज खुर्चीखाली गेले.

झिपरीने पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचला. नागाने फणा काढला, तशी तिची मरगळ कुठल्या कुठे पळाली. एक हुलकावणी, दुसरी, आणि मग मान दातात. संपला नाग.

धापा टाकत ती टाळ्यांची वाट बघत उभी राहिली.

"अहो बाई!" शेठ ओरडला. "लुगड्याला रक्त लागलं ना! अजून सीन बाकी आहे!"

महाराज खुर्चीखालून निघाले आणि त्यांनी शौर्यपदक जाहीर केलं. मयूरकुमारांना. त्यांनी म्हणे उंचावरून लढाई सांभाळली. पण मयूरकुमार काही खाली उतरेना. फांदी घट्ट धरून बसला. शेवटी झिपरीच वर चढली आणि त्याला पाठुंगळी घेऊन उतरली.

पाठुंगळीचा फोटो सगळीकडे छापून आला. त्या वर्षी 'उत्कृष्ट आई'चं बक्षीस झिपरीला मिळालं.

तात्पर्य: बाळांनो, संकट आलं की आधी उंच झाड गाठा. पदक घेऊन राजा बुंध्याशी येतो, आणि खाली उतरवायला कुणीतरी बाई असतेच.