नेपोलियनचा धागा

आमच्या गल्लीतले नाना सिकंदरालाही कापसासारखा ओढून बघतात. धुळ्यातल्या एका जिनिंगमध्ये त्यांनी चाळीस वर्षं कापसाची प्रत ठरवली. रुईची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची. निवृत्तीनंतर कापूस सुटला, अंगठे सुटले नाहीत. कोणत्याही सेनापतीचं नाव काढा, नाना हवेतच चिमूट ओढतात.

"सिकंदर? चमक शे, धागा नही. माणूस गया, मांगे काय राहिनं?"

सरदारांनी राज्याचे तुकडे केले, म्हणून सिकंदर नापास. थोरले बाजीराव मात्र एक नंबर.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही इतिहासाचा. एकदा म्हणालो, "नाना, परीक्षेत नेतृत्वाचे गुण लिहावे लागतात, धागा नाही."

"तुले कितला टक्के पडनात?"

"बावन्न."

"मंग ऐक."

समोरचे बापू, एसटीतले निवृत्त कंडक्टर, नेपोलियनच्या बाजूचे. "त्याने केलेला कायदा फ्रान्सात अजून चालतो. हा धागा नाही तर काय सुतळी?" यावर नाना रशियातली थंडी काढायचे. वीस वर्षं रोज संध्याकाळी हेच. पण चुकीची माहिती दोघांनाही खपत नसे. नानांच्या लेखी ती म्हणजे पाणी मारून वजन वाढवलेला कापूस.

दिवाळीनंतर बापूंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, काहीही करून बोलतं करा. बापूंच्या बायकोने, अक्कांनी, देवांची नावं घ्यायला सांगितली. बापूंनी भिंतीकडे तोंड केलं.

नाना रोज जाऊन बाजीरावांच्या मोहिमा ऐकवू लागले. उपयोग शून्य. आठव्या दिवशी मी सोबत होतो. नाना खाटेजवळ बसले आणि शांतपणे म्हणाले, "बापू, तुना नेपोलियन रशियाले गयाच नही. थंडीना मारे घरमाच गोधडी लिसन बसना."

मी चाट पडलो. नानांच्या तोंडून एवढी थाप मी कधी ऐकली नव्हती.

बापूंची मान हळूहळू वळली. कपाळाची शीर फुगली.

"खो... टं."

"काय खोटं? पुरावा दे."

"गे... ला."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. नाना उठले. "बरं, गया व्हई. पन त्याले घोडावर बसता येत नव्हतं, ते सकाळी सांगस."

बाहेर पायरीवर त्यांना चप्पल घालायला बराच वेळ लागला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू इतिहासना बी.ए. शे ना? नेपोलियनबद्दल जितलं खोटं सांगता ई, तितलं माले कागदवर लिखी दे. रोज एक. वरीसभर पुराले पाहिजे."