वेंडेलसाहेबांच्या गंजक्या मालगाडीची हकीकत

आरिझोना प्रांती, शहर टूसॉन, हॅस्किन्स यांचे मागील अंगणी जो महासंग्राम जाहला, त्याची हकीकत कुंपणावरोन डोकावोन जैसी उमगली तैसी लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. तिखटमीठ हाती लागले तेवढे लाविले.

राजश्री वेंडेल हॅस्किन्स, माजी सरदार, शाळेची पिवळी बस, हे चाकरीतून फारिग जाहले, आणि रिकामपणी ऐसा मनसुबा बांधिला की अंगणात खेळण्यातील आगगाडी फिरवावी. खेळणे म्हटलेले राजश्रींस खपत नाही, सबब शब्द मागे घेतला. गुडघ्याइतके उघडे डोंगर, त्यांत तांब्याची खाण, खाणीवर लाकडी मनोरा, मनोऱ्याखाली ओसाड गाव, आणि या सर्वांतून गंजकी मालगाडी, ऐसा सरंजाम. परंतु मोक्याचा वाफा राणीसाहेब व्हर्नाबाई यांचे गुलाबांकडे होता. मग उभयतांत बहुत रुसवेफुगवे होवोन तह ठरला की गुलाब तूर्त कुंड्यांत जावेत. थंडी सरता रेल्वेमंडळाचे, म्हणजे ऐशाच अंगणी आगगाड्यांच्या शौकिनांचे, पाहुणे येतील, त्यांनी वाखाणिले तर वाफा राजश्रींकडे कायम. न वाखाणिले तर डोंगर खणोन गुलाब पूर्ववत.

मग राजश्रींनी कोरे करकरीत डबे आणविले आणि ते जुने करावयाचे कारखाने मांडिले. कडक चहा पाजिला, शेगडीची काजळी फासली, विटकरी खडूची पूड आणि अंगणातील तांबडी धूळ वस्त्रगाळ करोन मढविली. यावर पक्का लेप द्यावयाचा तो राहिला, कारण रोज सायंकाळी आणखी चिमूटभर गंज चढविल्यावाचोन राजश्रींस अन्न गोड लागेना. राणीसाहेब दुरोन पाहोन, डब्यांची पुसापुशी चालली ऐसे समजोन, म्हणत, “वेंडेल, तुझ्या ट्रकला गंज चढलाय की! तो पूस ना आधी!” राजश्री मान वर करीत नसत. गाडीचा रिमोट, म्हणजे या राज्याची मुद्रा, रात्रंदिवस त्यांचे कमरेस, आणि त्यास इतरांनी बोट लावू नये ऐसी सक्त ताकीद होती.

प्रदर्शनाचा दिवस उगवला. राजश्री बर्फ व तमाले, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेला फराळ, आणावयास बाजारी स्वार जाहले, आणि मागे राणीसाहेबांचे मनी दया उपजली. पाहुणे येणार आणि घरचे डबे ऐसे कळकट, लोक काय म्हणतील? मग दुखऱ्या गुडघ्यांनी वाफ्यात बसोन, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेवोन, त्यांनी एकूण एक डबा घासोन पुसोन रुळांवर मांडिला. राजश्री परतोन पाहतात तो मालगाडी लग्नाच्या वऱ्हाडासारखी नटोन उभी! हातची बर्फाची पिशवी गळोन पायावर पडली, त्याचेही भान राहिले नाही.

“किती घाण झाले होते रे!” राणीसाहेब घाम पुशीत बोलिल्या. “कानाकोपरा काढलाय. माझं नख तुटलं, पण बघ कसे चकाकतायत!”

जे शब्द राजश्रींचे जिभेवर जमा जाहले, ते पिवळ्या बसमध्ये उच्चारावयास मनाई होती. परंतु गुलाब हलविल्यापासोन या वाफ्यात राणीसाहेबांनी पाऊल ठेविले नव्हते, आणि आज गुडघे टेकिले. राजश्रींस संताप आला आणि भरोनही आले, दोन्ही एकदम. मग ते इतुकेच बोलिले, “छान झालंय, व्हर्ना.”

तोच फाटकातून मंडळाचे अध्यक्ष ऑर्व्हिल स्टब्ज फौजेसह दाखल जाहले. यांचे भिंगापुढे भलभल्यांची इंजिने रडली होती. त्यांनी वाकोन डबे न्याहाळिले.

“वेंडेल, गंज कुठाय? तू पाठवलेल्या फोटोत तर मस्त होता!”

राणीसाहेबांचा चेहरा उतरला. “गंज मुद्दाम लावला होतास?” त्या पुटपुटल्या. “मग बोलला का नाहीस, मूर्खा?”

वाफा गेला, हे राजश्रींस दिसत होते. परंतु राणीसाहेबांचा उतरलेला चेहरा त्याहून पाहवेना. तेव्हा कोणाची मसलत न घेता त्यांनी फर्मान सोडिले की आज या खाणीचे उद्घाटन असे, फोटोतील जुने डबे मोडीत निघाले, हे नवे कारखान्यातून आत्ताच आले, गंज यथावकाश चढेल. आणि कमरेची मुद्रा सोडोन राणीसाहेबांचे हाती दिली. “दाब ते हिरवं बटण.”

राणीसाहेबांनी ते दाबिले, आणि बसच्या सरदारास कधी न साधला ऐसा वेग देवोन गाडी बोगद्यात घातिली. वळणावर डब्यांतील खनिज उधळले, धूळ उडाली, पाहुणे आरोळ्या देवो लागले. ऑर्व्हिल यांनी भिंग मिटोन खिशात घातिले.

“च्यायला, सगळे बंद पडलेल्या खाणी करतात,” ते बोलिले. “चालू खाण करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. झकास!”

राजश्रींनी हळूच हात पुढे केला. “दे आता.”

“थांब रे, लोकं बघतायत.”

लोक जेवोन गेले तरी गाडी फिरत होती.

येणेप्रमाणे वाफा फत्ते जाहला, आणि गुलाब कुंड्यांतच राहिले, हे सर्वांस जाहीर असो. मुद्रा मात्र राणीसाहेबांचे कमरेस गेली ती अद्याप परतली नाही. राजश्री हल्ली चाळणी घेवोन वाफ्याच्या कडेस बसतात, आणि कोणत्या डब्यास किती धूळ घालावी, हे राणीसाहेबांस विचारोन घालतात.