रशीदभाईंची गाडी पास होत नाही

रशीदभाईंकडे जायचं तर दारातच अंगावर पाण्याचा फवारा घ्यावा लागतो. सलूनमध्ये असते ना, तसली बाटली त्यांच्या हातात तयारच असते. "सर, हात वर करा," म्हणतात आणि फुसफुस सुरू. कपड्यांवरची धूळ, कापसाचे तंतू आत उडून ओल्या रंगावर बसू नयेत, एवढाच हेतू. उमरखेडात मी त्यांच्या शेजारी राहतो, त्यामुळे माझा इस्त्रीचा शर्ट फार काळ टिकत नाही.

उभा जन्म त्यांनी डेंटिंग-पेंटिंगमध्ये काढला. गुडघे गेल्यावर गॅरेज पुतण्याला दिलं आणि स्वतः खेळण्यातल्या गाड्या घेऊन बसले. पत्र्याची छोटी गाडी आणायची, तिचा रंग खरवडायचा आणि गिऱ्हाइकाच्या खऱ्या गाडीचा हुबेहूब रंग तिला द्यायचा. मग घासायचं, पुन्हा रंग, पुन्हा घासायचं, शेवटी पॉलिश. तिथे मोठ्याने बोलायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही. "शिंक आली तं सडकेवर जा," हे ते जावयालाही सांगतात.

तयार गाडी शमीमभाभींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात जाते. त्या पलंगावर बसून टपावरून, बॉनेटवरून बोटं फिरवतात. गॅरेजच्या दिवसांपासूनचा नियम आहे, भाभी "पास" म्हणाल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही. अलीकडे मात्र त्यांनी एकही गाडी पास केलेली नाही.

आमचे हेडमास्तर निवृत्त होत होते. त्यांच्या जुन्या क्रीम रंगाच्या गाडीसारखी छोटी गाडी भेट द्यायचं शाळेत ठरलं आणि मी छातीठोकपणे जबाबदारी घेतली. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी फवारा खाऊन आत गेलो. गाडी तयार होती. तिच्यात माझा चेहरा दिसत होता, चष्म्यासकट.

भाभींनी बोटं फिरवली. "नाही जी. दारापाशी खरखर लागते."

रशीदभाईंनी रंग घासायचा वॉटर पेपर भिजवला आणि माझ्या डोळ्यांदेखत ते त्या आरशावर घासायला लागले. मी त्यांना दंडाला धरून अंगणात ओढलं.

"डोकं फिरलं का तुमचं? कुठे आहे खरखर?"

"नाही ना. मले मालूम हाय."

"मग काहून घासून राह्यले?"

त्यांनी ओल्या पेपरची घडी घातली. "शुगरनं तिचे बोटं बधिर झाले, सर. परवा गरम तवा उचलला, तिले समजलंच नाही. मले सांगत नाही. तिले वाटते, मले मालूम नाही. हाताले काहीच लागत नाही म्हणून भीते. खराब गाडी पास होईन, म्हणून नाही म्हणते."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"काय सांगू? तुह्या हाताचं काम संपलं म्हणू?"

राग कुठल्या कुठे गेला. मी एकटाच आत गेलो. भाभी ओढणीच्या टोकाने गाडी पुसत होत्या.

"सर, खरं सांगा. मी चुकली तं नाही ना?"

मी गाडी घेऊन दारावरून अंगठा फिरवला. हाताला काचेसारखं गुळगुळीत लागलं.

"नाही भाभी. आहे खरखर. मलाही लागली."

"हाव?" भाभींचा चेहरा उजळला. त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, "ऐकलं का जी? सरले बी लागली!" मग मला म्हणाल्या, "तुमचा हात चांगला हाय. उद्या संध्याकाळी या. दोघं मिळून पाहू."

उद्या संध्याकाळी शाळेत समारंभ होता.

"येतो," मी म्हणालो.