चार नंबरची तक्रार

चार नंबरचं पिस्तूल तिसऱ्यांदा अडकलं, तेव्हा काशीराम कुबल सवयीनं पिस्तुलालाच "सॉरी" म्हणाले.

काशीराम भांडुपचे. एका वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकताना आपणही एखादी करू शकतो, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं, तर ते त्या गल्लीत काहीतरी काम काढत. निवृत्त झाल्यावर मुलीनं वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना मुलुंडच्या 'एकाग्र नेमबाजी मंडळा'चं सभासद करून टाकलं. 'नको' म्हणता न आल्यामुळे ते नेमबाज झाले. आणि चमत्कार असा, की त्यांना ते आवडलं. आता ज्येष्ठांच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती त्यांना हवी होती. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही हवं असण्याची वेळ प्रथमच आली होती, त्यामुळे त्यांना थोडी लाजही वाटत होती.

अडचण पिस्तुलाची होती. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा सरकता भाग धक्क्यानं मागे येतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरानं पुढे जाताना नवीन काडतूस आत घेऊन जातो. इतरांच्या हातात हे सगळं पापणी लवायच्या आत होई. काशीरामांच्या हातात तो भाग अर्ध्या वाटेत थांबे आणि रिकामं काडतूस दाराच्या फटीत चप्पल अडकावी तसं बसून राही.

"तक्रार करा," नलिनी म्हणाली. ही त्यांची बायको.

"कुणाची?"

"पिस्तुलाची! माझी करणार होता की काय?"

"कदाचित माझंच काही चुकत असेल गं."

"तुमचां ह्यां नेहमीचांच. कुकरची शिट्टी अडकली तरी म्हणाल, तांदळाला मीच काही बोललो असेन."

तेव्हा पुढच्या रविवारी काशीरामांनी तक्रार केली. ती इतक्या खालच्या आवाजात होती, की सेक्रेटरी सुलक्षणा मॅडमना ती दोनदा ऐकावी लागली.

"चार नंबर जरा... अडकतं. म्हणजे, असं मला वाटतं."

परिणाम मात्र भलताच झाला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा हा गृहस्थ 'आज वेगळा लागतोय' एवढंच म्हणाला होता. तो तक्रार करतो म्हणजे प्रकरण गंभीरच असणार, असं मॅडमनी ताडलं आणि चार नंबर तडकाफडकी कपाटात बंद केलं.

मग इतरांना आठवायला लागलं. सगळ्यात आधी केतनला. साठी उलटल्याचं त्यानं अजून केसांना कळू दिलं नव्हतं.

"मी म्हणतच होतो यार! गेल्या वर्षी जिल्हा स्पर्धेत आपली वाट लागली ना, ती ह्या चार नंबरमुळे."

"पण तेव्हा तुमच्या हातात दोन नंबर होतं ना?" काशीरामांनी चाचरत विचारलं.

"हो, पण चार नंबर शेजारच्याच टेबलावर होतं. डिस्टर्ब होतो ना माणूस!"

कुणाचा खांदा दुखत होता, कुणाच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. आठवडाभरात सगळ्याचं खापर चार नंबरवर फुटलं. आता ते रीतसर बाद करायचं, तर पुरावा हवा. म्हणून केतननं अर्बन परेराला बोलावलं. अर्बनचा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना होता आणि त्यानं पिस्तूल पकडायचा पोलादी शिकंजा बनवला होता. स्वतःच्या शिकंज्याबद्दल तो पोरीच्या लग्नाबद्दल बोलावं तसा बोलायचा.

"माणूस मायनस करायचा," अर्बन म्हणाला. "मग उरतं ते पिस्तूल. सिंपल!"

माणूस मायनस झाल्यावर दोष आपल्याच हाताचा निघेल, हे काशीरामांच्या लक्षात आलं. त्यांनी मॅडमना फोन केला.

"मॅडम, मी आपली तक्रार मागे घेतो."

"घाबरू नका हो कुबलकाका. सगळं मंडळ तुमच्या पाठीशी उभं आहे."

पाठीशी इतकी माणसं उभी राहिल्यावर मागे सरायला जागाच उरली नाही.

चाचणीच्या दिवशी गर्दी झाली. समोसे होते. अर्बननं पिस्तुलाची मूठ शिकंज्यात आवळली, वरचा भाग मोकळा ठेवला आणि दुरून एका दांडीनं चाप ओढत दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा रिकामी काडतुसं टणटणत बाहेर पडली. समोरच्या कागदावर सगळ्या गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलं होतं, नलिनीच्या ठेवणीतल्या टिकलीएवढं.

समोसे चावणं थांबलं.

"झकास पीस आहे," अर्बन म्हणाला. "घोळ पकडण्यात आहे. धक्का बसल्यावर हात पण मागे गेला, तर वरचा भाग बिचारा कुणाच्या जिवावर मागे येणार? अडकणारच. ढकलल्यावर लगेच सरकणारा माणूस असेल ना, त्याच्या हातात हे नाही चालायचं, मॅन."

त्यानं हे काशीरामांकडे न बघता म्हटलं. त्यांना तो ओळखतही नव्हता. तरी काशीरामांना वाटलं, कुणीतरी आपली पत्रिका मोठ्यानं वाचतंय.

"मी एकदा बघू?" ते म्हणाले.

त्यांनी चार नंबर हातात घेतलं आणि मनगट आवळून उभे राहिले. पाच गोळ्या झाडल्या. त्या लागल्या लांब लांब, पण लागल्या कागदावरच. पाचही काडतुसं उडाली. त्यातलं एक केतनच्या चटणीत पडलं.

"पिस्तूल चांगलं आहे," काशीराम म्हणाले. या वेळी कुणाला दोनदा ऐकावं लागलं नाही. "हात माझा ढिला होता."

खरं तर इथे प्रश्न सुटायला हवा होता. पण चार नंबर निर्दोष ठरलं, तर जिल्ह्यातला पराभव, तो खांदा आणि तो चष्मा अशी सगळीच जबाबदारी बेवारस होणार होती. कमिटी लगेच कोपऱ्यात जमली.

"शिकंजा माणसापेक्षा जास्त घट्ट धरतो," केतन चटणी पुसत म्हणाला. "ही काय टेस्ट झाली? ही तर पिस्तुलाला कॉपी करू दिली!"

"आणि कुबलकाकांनी आत्ता चालवलं ते?" मॅडमनी विचारलं.

"आजारी माणूस पण एखाद्या दिवशी जिना चढतो, मॅडम."

हे सर्वांना पटलं. चार नंबर बाद झालं. दोष धाडसानं उघडकीला आणल्याबद्दल संघातली शेवटची जागा एकमतानं काशीराम कुबल यांना देण्यात आली, दोन नंबरच्या पिस्तुलासह. टाळ्या पडल्या.

हवी होती ती जागा समोर ताटात वाढून आली होती. काशीरामांच्या तोंडात 'बरं' तयारच होतं.

"नाही," ते म्हणाले. "खेळीन तर चार नंबरनं."

"काका, समजून घ्या ना. ते आता बाद आहे."

"ते बाद नाही. बाद असेल तर मीही बाद."

"काय यार काशीराम, एवढं सगळं तुमच्यासाठी केलं आम्ही!" केतन कळवळला.

मॅडमनी समजावलं, कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी समोसा पुढे केला. काशीराम जागचे सरकले नाहीत. अखेर जागा केतनला मिळाली. चार नंबर कपाटात गेलं आणि काशीराम भांडुपला.

नलिनी दारातच उभी होती. मालाडच्या बहिणीला तिनं निवडीची बातमी आधीच देऊन ठेवली होती.

"काय झालं? हरलात?"

"हरलो," काशीराम म्हणाले. "पण हललो नाही."

नलिनीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. उजवं मनगट थोडं सुजलेलं दिसत होतं. चेहरा मात्र कधी नव्हे तो सरळ होता. मालाडला काय सांगायचं याचा विचार तिनं क्षणभर बाजूला ठेवला.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "आता जरा हला. आतला सिलिंडर सरकवायचाय."

ते 'बरं' सकाळपासून तोंडात तसंच होतं.

"बरं," काशीराम म्हणाले आणि आत गेले.